अरण्यातील शिकार : धनुष्य, बंदूक आणि बाजार

अरण्यातील प्राणी कोणामुळे कमी झाले, हा प्रश्न एखाद्या वनरक्षकाला विचारला तर तो बहुधा पाड्याकडे बोट दाखवितो. तोच प्रश्न पाड्यावरील वृद्धाला विचारला तर तो जुने संस्थानिक, लाकडाचे ठेकेदार आणि रात्री जीपगाडीतून येणारे शहरी शिकारी यांची आठवण काढतो. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असते. परंतु दोघेही केवळ शिकारी कोण होता तेवढेच सांगतात. त्याच्या हातात कोणते साधन होते, मारलेला प्राणी कोणाच्या चुलीवर शिजला आणि मारल्या गेलेल्या प्राण्याची जागा भरून निघण्यास किती वर्षे लागतात, या तीन गोष्टी त्यांच्या उत्तरात येत नाहीत. उष्ण कटिबंधातील अरण्यांमध्ये गेल्या चाळीस वर्षांत जे पद्धतशीर संशोधन झाले आहे, त्याचा रोख नेमका या तीन गोष्टींवर आहे.

हा विषय केवळ प्राणिप्रेमी मंडळींच्या चिंतेचा आहे, अशी समजूत अजूनही आढळते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ॲमेझॉन, काँगो आणि बोर्निओ येथील लक्षावधी लोकांच्या ताटातील मांस आजही अरण्यातून येते. प्राणी संपले तर सर्वांत आधी उपाशी राहतो तो अरण्यातील माणूस. त्यानंतर ज्या झाडांचे बी प्राण्यांच्या पोटातून रुजते, ती झाडे. शहरातील माणसापर्यंत या घटनेची झळ पोचण्यास बराच अवधी लागतो.

झाडे उभी, प्राणी नाहीत

इ. स. १९९२ मध्ये केंट रेडफर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘रिकामे अरण्य’ या अर्थाच्या शीर्षकाचा एक लेख लिहिला. त्यात त्याने असे दाखवून दिले की, वृक्षांचे छत्र शाबूत असूनही ज्यात मोठे प्राणी उरलेले नाहीत अशी अरण्ये दक्षिण अमेरिकेत वाढत आहेत. आकाशातून पाहणाऱ्या उपग्रहाला ती हिरवीगार दिसतात. नकाशावर त्यांचे क्षेत्र कमी होत नाही. वार्षिक अहवालात घट नोंदली जात नाही. मात्र आत शिरणाऱ्या माणसाला ना पायांचे ठसे दिसतात, ना पहाटे माकडांचा कोलाहल ऐकू येतो.

या निरीक्षणाला पुढे आकड्यांचा आधार मिळाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिन्ही खंडांतील १७६ संशोधनांची एकत्र छाननी करण्यात आली. शिकार होत असलेल्या भागात, शिकार न होणाऱ्या भागाच्या तुलनेत, सस्तन प्राण्यांची विपुलता सरासरीने ८३ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची ५८ टक्क्यांनी कमी आढळली. गाव, रस्ता किंवा नदीचा धक्का अशा ठिकाणांपासून पक्ष्यांच्या बाबतीत सुमारे ७ किलोमीटर आणि सस्तन प्राण्यांच्या बाबतीत सुमारे ४० किलोमीटर अंतरापर्यंत ही घट जाणवते. चाळीस किलोमीटर म्हणजे एखाद्या तालुक्याची लांबी. महाराष्ट्रात कोणत्याही रस्त्यापासून चाळीस किलोमीटर दूर असलेले जंगल शोधून सापडणार नाही.

प्राणी गेल्यावर झाडांचे काय होते, याचाही विचार झाला पाहिजे. मोठ्या बियांची फळे धरणारे वृक्ष आपले बी स्वतः दूर पोचवू शकत नाहीत. ते काम मोठी माकडे, टॅपिर, हत्ती आणि धनेशासारखे पक्षी करतात. हे वाहक नाहीसे झाले की फळे झाडाखालीच कुजतात अथवा कीटकांच्या भक्ष्यस्थानी पडतात. अशा वृक्षांपैकी अनेकांचे लाकूड जड व टिकाऊ असते. त्यांची जागा हळूहळू हलक्या लाकडाची, वाऱ्यावर बी उधळणारी झाडे घेतात. हा बदल एका माणसाच्या हयातीत डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे.

मानूच्या अरण्यातील एक वर्ष

आदिवासींच्या शिकारीविषयी नीट समजून घ्यावयाचे तर पेरू देशातील मानू राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण अतिशय उद्बोधक आहे. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी ॲमेझॉनच्या खोऱ्यात १९७३ साली हे उद्यान स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ आज सुमारे १७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गडचिरोली जिल्ह्याहून अधिक आहे. या उद्यानाच्या आत मात्सिगेंका नावाच्या जमातीची गावे आहेत. टायाकोमे व योमिबाटो ही त्यांतील दोन प्रमुख. मात्सिगेंका लोक कसावा या कंदाची शेती करतात, मासे पकडतात आणि धनुष्यबाणाने शिकार करतात. उद्यानात बंदूक वापरण्यास मनाई आहे आणि ती मनाई बव्हंशी पाळली जाते. मांस विकण्यासाठी बाजारही जवळ नाही.

‘माणसे उद्यानात राहिली तर प्राणी संपतील’ असे एक पक्ष म्हणत होता. ‘हे लोक निसर्गाचे जन्मजात रक्षक आहेत’ असे दुसरा पक्ष म्हणत होता. हा वाद तत्त्वचर्चेने मिटणारा नव्हता. म्हणून काही संशोधकांनी गावकऱ्यांच्याच सहभागाने वर्षभर घरोघरी आलेल्या प्रत्येक शिकारीची नोंद ठेवली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण २,०८९ प्राणी व पक्षी यांची नोंद आहे. दोन्ही गावांभोवतीच्या सुमारे १५० चौरस किलोमीटरच्या मुख्य शिकारक्षेत्रापुरता हिशेब केला तेव्हा पाच जातींची शिकार त्यांच्या पैदाशीला झेपेल त्या मर्यादेइतकी किंवा तिच्यापेक्षा जास्त होत असल्याचे आढळले. स्पायडर माकड, लोकरीसारख्या केसांचे वुली माकड, पांढऱ्या ओठांचा पेकारी हा रानडुकरासारखा प्राणी आणि कोंबड्याच्या वर्गातील दोन मोठे पक्षी, अशा त्या पाच जाती होत.

नुसता कागदावरील हिशेब पाहिला असता तर ‘शिकार बंद करा’ असा आदेश निघाला असता. पण त्याच संशोधकांनी १९८८ च्या सुमाराच्या नोंदींशी तुलना केली. मधल्या काळात गावांची लोकसंख्या जवळजवळ दुप्पट झाली होती. तरीही घरी येणाऱ्या शिकारीतील प्राण्यांचे प्रकार बदललेले नव्हते, माणशी मांसाचे प्रमाण फारसे घटलेले नव्हते आणि मारलेल्या प्राण्यांचे सरासरी वजनही कमी झालेले नव्हते. गावाच्या अगदी जवळची माकडे संपली होती एवढेच.

याचे कारण असे की, शिकाऱ्याचे पाय एका दिवसात जेथवर जाऊन परत येऊ शकतात तेथवरच त्याचा बाण पोचतो. त्यापलीकडे शेकडो चौरस किलोमीटर अरण्य असे आहे की जेथे कोणी शिकार करीत नाही. तेथे वाढलेले प्राणी रिकाम्या झालेल्या पट्ट्यात येत राहतात. विहिरीचे पाणी उपसले की आजूबाजूच्या झऱ्यांतून ते पुन्हा भरते, तसाच हा प्रकार. झरे जिवंत असेपर्यंत विहीर आटत नाही. त्यामुळे गाव मोठे झाले तरी हानीला काही एक मर्यादा राहते. परंतु एका गावाची चार गावे झाली आणि ती अरण्यात दूरदूर पसरली, तर झऱ्यांच्या मुखाशीच उपसा सुरू होतो. गावाच्या लोकसंख्येपेक्षा वस्त्यांची संख्या व त्यांच्यामधील अंतर अधिक महत्त्वाचे, हा मानूच्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रशासकांनी लक्षात घेण्याजोगा आहे. वाड्या-पाड्यांचे पुनर्वसन कोठे करावयाचे, हे नकाशावर ठरविताना शिकारीचा विचार सहसा कोणी करीत नाही.

यानंतर प्रश्न येतो साधनाचा. उंच शेंड्यावरच्या माकडाला बाण मारणे कौशल्याचे काम असून पुष्कळ बाण वाया जातात. पहिला बाण सुटताच कळप उधळतो. बंदूक आली की एकाच कळपातील अनेक माकडे एका फेरीत पडतात. स्पायडर माकडाची मादी सुमारे सातव्या वर्षी पहिल्यांदा वीत आणि पुढे साधारण तीन वर्षांनी एकच पिलू देते. आपल्याकडील रानडुकरीण एका वेतात चार-सहा पिले देते, हे लक्षात घेतले म्हणजे दोन्ही प्राण्यांना एकाच नियमाने मोजणे किती चुकीचे आहे ते कळते. डुकराची हानी हंगामा-दोन हंगामांत भरून येते. माकडाची हानी भरून येण्यास एक पिढी लागते. मानूतील शिकारीचे गणित मांडून पुढील पन्नास वर्षांचा अंदाज बांधणाऱ्या संशोधकांनीही हेच दाखविले की, धनुष्याच्या जागी बंदूक आली तर माकडविरहित पट्टा कितीतरी अधिक पसरेल.

संयम की असमर्थता?

आता एक नाजूक मुद्दा. आदिवासी शिकारी जाणूनबुजून संयम पाळतो काय? मायकेल अल्व्हार्ड या मानववंशशास्त्रज्ञाने मानूच्या जवळच राहणाऱ्या पिरो जमातीच्या शिकाऱ्यांबरोबर हिंडून याचा शोध घेतला. या लोकांजवळ बंदुका होत्या. अल्व्हार्डने १९९३ साली मांडलेला निष्कर्ष असा की, वाटेत भेटलेला प्राणी दुर्मीळ आहे किंवा त्याची पैदास मंद आहे म्हणून शिकाऱ्याने त्याला सोडून दिले, असे दिसले नाही. खर्चलेल्या वेळेच्या मानाने मांस पुरेसे मिळणार असेल तर तो गोळी झाडतो.

यावरून आदिवासींना दोष देणे मात्र योग्य होणार नाही. घरी मुले वाट पाहत असताना समोर आलेले भक्ष्य सोडून देण्याची अपेक्षा कोणत्याही समाजाकडून करता येत नाही. समुद्रात जाळे टाकणारा यांत्रिक नौकेचा मालक तरी कोठे तसे करतो? अल्व्हार्डच्या निरीक्षणाचा खरा अर्थ एवढाच की, पूर्वी अरण्ये भरलेली राहिली त्याचे श्रेय केवळ स्वभावाला देऊन चालणार नाही. माणसे थोडी होती, साधने मर्यादित होती, बाजार नव्हता. त्याचबरोबर अनेक जमातींत कुलचिन्ह असलेला प्राणी न मारणे, देवराईत शस्त्र न नेणे असे निर्बंध होते आणि आहेत. ते कामाचे आहेत. परंतु बंदूक, मोटाररस्ता आणि व्यापारी एकदम आल्यावर त्या निर्बंधांनी एकट्यानेच सर्व भार पेलावा, ही अपेक्षा अवाजवी होय.

माणसे थोडी होती, या विधानालाही मोजमाप आहे. रॉबिन्सन व बेनेट या अभ्यासकांनी २००० साली निरनिराळ्या देशांतील माहिती एकत्र करून असा हिशेब मांडला की, मांसासाठी सर्वस्वी शिकारीवर अवलंबून राहणारी माणसे उष्ण कटिबंधातील सदाहरित अरण्यात दर चौरस किलोमीटरला एकापेक्षा फारशी अधिक पोसली जात नाहीत. या अरण्यात जीवसृष्टी अमाप असली तरी तिचा बहुतेक भाग लाकूड व पाने यांच्या रूपात असतो. खाण्याजोगे मांस थोडे आणि तेही उंचावर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे आहेत. सर्वांत विरळ वस्तीच्या गडचिरोली जिल्ह्यातही ती ७४ आहेत.

कातड्यांचा व्यापार

साधन आणि वस्तीइतकाच बाजार निर्णायक असतो, याचे जुने उदाहरण ब्राझीलमध्ये आहे. रबराचा भाव कोसळल्यावर पश्चिम ॲमेझॉनमधील व्यापाऱ्यांनी कातड्यांचा धंदा हाती घेतला. जहाजांच्या मालनोंदी तपासून संशोधकांनी २०१६ साली जो अंदाज प्रसिद्ध केला त्यानुसार १९०४ ते १९६९ या काळात किमान वीस जातींचे सुमारे २ कोटी ३० लाख सस्तन व सरपटणारे प्राणी कातड्यासाठी मारले गेले. शिकार करणारे हात पुष्कळदा आदिवासींचे किंवा रबर गोळा करणाऱ्या मजुरांचे असत. कातडी मात्र युरोप-अमेरिकेतील दुकानांत विकली जाई.

या कत्तलीचा परिणाम सर्व प्राण्यांवर सारखा झाला नाही, ही त्यातील विशेष गोष्ट. मोठे पाणमांजर, काळी सुसर, पाणगाय हे नदीतील प्राणी जवळजवळ नामशेष झाले. उलट पेकारी, हरणे, ओसेलॉट यांसारखे जमिनीवरील प्राणी बऱ्याच अंशी टिकून राहिले. कारण त्या काळी ॲमेझॉनमध्ये नदी हाच रस्ता होता. होडी जेथे जाई तेथे शिकारी जाई. नदीपासून दूर असलेले आतले अरण्य त्याच्या आवाक्याबाहेर राहिले आणि तेथील प्राण्यांनी किनाऱ्याकडील तूट भरून काढली. मानूच्या झऱ्यांचे तत्त्व येथे अख्ख्या खोऱ्याच्या प्रमाणावर पाहावयास मिळते.

रस्ता येतो, पाठोपाठ व्यापारी

आफ्रिकेतील काँगोच्या खोऱ्यात आज तीच कामगिरी लाकूडतोडीचे रस्ते करीत आहेत. उत्तर काँगोमधील एका लाकूड कंपनीच्या क्षेत्राचा सहा वर्षांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. कामगारवस्त्यांची लोकसंख्या या काळात ६९ टक्क्यांनी वाढली आणि त्याच सुमारास वस्त्यांत येणाऱ्या रानमांसाचे प्रमाण ६४ टक्क्यांनी वाढले. यातील ७२ टक्के मांस बाहेरून आलेल्या लोकांनी मारलेल्या शिकारीचे होते. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या त्या अरण्यात राहणाऱ्या लोकांचे अन्न बाहेरच्यांनी काही वर्षांत संपविले आणि नंतर मोकळे झालेले अरण्य मूळ रहिवाशांच्या नावावर जमा झाले! आदिवासी शिकाऱ्याविषयी बोलताना ‘स्थानिक लोक शिकार करतात’ असे मोघम वाक्य अहवालात लिहिण्याची जी सवय आहे, तिच्यातील अन्याय या एका आकड्यावरून स्पष्ट व्हावा.

बाजाराचे धागे किती दूरवर जातात, हे पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात दिसून आले. तेथील १९७० ते १९९८ या काळातील नोंदी पाहता ज्या वर्षी समुद्रातील मासळी कमी मिळाली, त्या वर्षी अभयारण्यांतील शिकार वाढली आणि ४१ जातींच्या वन्य प्राण्यांची संख्या अधिक वेगाने घटली. त्या किनाऱ्यावर परदेशी नौका मोठ्या प्रमाणावर मासेमारी करीत असत. मासळीबाजारातील टोपली रिकामी राहिली की शंभर कोसांवरच्या जंगलात बंदूक वाजते, हा संबंध वनखात्याच्या एकट्या कक्षेतील नाही.

आग्नेय आशियात संकट तारेच्या फासाच्या रूपाने आले आहे. मोटारसायकलच्या ब्रेकची तार वळवून केलेला फास अत्यंत स्वस्त असतो. एक माणूस असे शेकडो फास लावू शकतो. फास वाघ, हरीण, साळिंदर यांत भेद करीत नाही आणि लावणारा परत आला नाही तरी आपले काम करीतच राहतो. २०१० ते २०१५ या काळात या प्रदेशातील केवळ पाच संरक्षित क्षेत्रांतून दोन लाखांहून अधिक फास काढण्यात आले. कंबोडियात २००७ नंतर रानात वाघाचे छायाचित्र मिळालेले नाही.

आपल्या देशात

भारतातील शिकारीचा इतिहास सांगताना संस्थानिक व गोरे साहेब यांना वगळता येत नाही. सरगुजा संस्थानच्या महाराजांच्या नावावर हजाराहून अधिक वाघांची शिकार नोंदलेली आहे. ही शिकार पोटासाठी नव्हती आणि तिला कोणी कधी अवैध म्हटले नाही. स्वातंत्र्यानंतरही काही काळ परवाने देऊन परदेशी शिकाऱ्यांना आणले जात होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र पालटू लागले, पण त्या कायद्यातही शिकारीचे परवाने देण्याची तरतूद मुळात होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली.

याचा परिणाम असा झाला की, हौसेसाठी वाघ मारणारा, बाजारासाठी हरीण मारणारा आणि चुलीसाठी ससा मारणारा हे तिघेही एकाच कायद्याखाली गुन्हेगार ठरले. अपवाद एकच. निकोबार बेटांतील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क कलम ६५ ने अबाधित ठेवले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींना अनेक हक्क दिले, परंतु वन्य प्राण्यांची शिकार करण्याचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. भारतातील लोकवस्तीची घनता पाहता हे वगळणे चुकीचे म्हणता येणार नाही. मात्र शिक्षा ठरविताना व त्याआधी चौकशी करताना चूल आणि बाजार यांतील फरक दृष्टीआड होता कामा नये. मलेशियाच्या सारावाक राज्याने १९९८ साली वेगळा मार्ग धरला. तेथे रानातील प्राण्यांच्या मांसाची विक्री सर्वस्वी बंद करण्यात आली, पण संरक्षित नसलेल्या जातींची घरापुरती शिकार करण्यास ग्रामीण रहिवाशांना मुभा राहिली. ट्रकमधून शहराकडे जाणारे मांस आपल्याच मुलांच्या ताटातून जाते, हे गावप्रमुखांना पटवून देणे त्यामुळे सोपे गेले.

आपल्याकडे अरुणाचल प्रदेशातील पक्के व्याघ्र प्रकल्पाचा अनुभव असाच विचारात घेण्यासारखा आहे. तेथील न्यिशी जमातीचे पुरुष वेताच्या शिरस्त्राणावर महाधनेशाची चोच लावतात. हा पक्षी आपल्या कोकणातही आहे. तेथे त्याला गरुड म्हणतात. महाधनेशाची मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते आणि जवळजवळ चार महिने आतच राहते. फटीतून मिळणाऱ्या नराच्या घासावर ती व पिलू जगतात. बाहेर फिरणारा नर मारला गेला की ढोलीतील जीवांवरही मरण ओढवते. एका चोचीपायी अख्खे कुटुंब जाते.

शिरस्त्राण घालू नका, असे सांगण्यात अर्थ नव्हता. तो प्रतिष्ठेचा विषय होता. म्हणून वनखाते व स्वयंसेवी संस्थांनी फायबरग्लासच्या चोची तयार करून दिल्या. त्या अनेकांनी स्वीकारल्या. पुढे २००६ साली गावबुढ्यांनी, म्हणजे गावच्या मुख्यांनी, एकत्र येऊन ‘घोरा-आभे’ ही संस्था स्थापन केली आणि शिकारीवर स्वतःच निर्बंध घातले. २०११-१२ पासून शहरातील नागरिकांच्या वर्गणीतून न्यिशी तरुणांना घरट्यांच्या राखणीसाठी वेतन मिळू लागले. त्यांतील काही जण पूर्वीचे शिकारी होते. कोणत्या झाडावर कोणती ढोली आहे, हे शिकाऱ्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

नागालँडमध्ये बदल याहूनही झपाट्याने घडला. दोयांग जलाशयाजवळ उतरणारे अमूर ससाणे २०१२ साली मासेमारीच्या जाळ्यांत हजारोंच्या संख्येने पकडून विकले जात होते. ऐन हंगामात एका दिवसात बारा ते चौदा हजार पक्षी पकडले जात, असा अंदाज होता. चर्च, गावपरिषदा आणि शासन यांनी एकत्र प्रयत्न केल्यावर पुढील वर्षी, २०१३ मध्ये, एकही ससाणा जाळ्यात मारला गेल्याची नोंद नाही. ज्या वेगाने ही शिकार वाढली होती त्याच वेगाने ती थांबली, कारण तिचे मूळ परंपरेत नव्हते. पक्षी विकत घेणाऱ्या बाजारात होते.

महाराष्ट्रात हेमलकशाची हकिकत अनेकांना ठाऊक आहे. भामरागडच्या अरण्यात १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. एकदा डॉ. प्रकाश आमटे यांना माडिया शिकारी मारलेले माकड घेऊन जाताना दिसले. त्या माकडिणीला तिचे जिवंत पिलू बिलगलेले होते. ते पिलू डॉक्टरांनी मागून घेतले आणि त्यातून पुढे प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. या हकिकतीतील करुणा सर्वांच्या लक्षात राहते. त्यातील व्यवहाराकडे फारसे कोणी पाहत नाही. शिकाऱ्यांना त्या पिलाचेही मांस हवे होते, कारण घरी अन्न नव्हते. डॉक्टरांनी पिलाच्या बदल्यात त्यांना खाण्यापिण्याची वस्तू देऊ केली तेव्हाच ते मिळाले. त्यानंतरच्या वर्षांत प्रकल्पाने दवाखाना, शाळा आणि सुधारलेली शेती यांवर भर दिला. शिकार करू नका, हा उपदेश करण्याआधी ताटात काय वाढायचे याचा विचार तेथे झाला होता.

विदर्भात आज शिकारीचे जे साधन सर्वांत घातक ठरले आहे ते धनुष्य नाही आणि बंदूकही नाही. खांबावरून आकडा टाकून घेतलेल्या विजेची उघडी तार रानडुकराच्या वाटेवर सोडली जाते. कधी ती पिकाच्या रक्षणासाठी असते, कधी मांसासाठी आणि पुष्कळदा दोन्हींसाठी. अशा तारेने वाघ मेले आहेत, गुरे मेली आहेत आणि रात्री पाणी द्यायला निघालेले शेतकरीही मेले आहेत. पीक नुकसानीची भरपाई देण्याची शासनाची योजना आहे. ती वेळेवर हाती पडली नाही, तर तार पुन्हा लागते. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने ग्रामसभेला वन, वन्य प्राणी व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. गावात कोणाच्या शेतावरून रात्री तार जाते आणि डुकराचे मांस कोणत्या धाब्यावर पोचते, याची माहिती पोलीस ठाण्याच्या कितीतरी आधी ग्रामसभेतील माणसांना असते.